एक पाऊल मागे!

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की आमच्या घरात दरवर्षी एक जुना खटला नव्याने उभा राहतो. फिर्यादी असतात आमचे यजमान. आरोपी असतो कोपऱ्यात मेणकापड पांघरून बसलेला, पिवळट पडलेला एक अवजड संगणक. आणि आरोपीची वकील मी! "हे धूड आणखी किती वर्षे सांभाळायचे? भंगारवाला निदान दोनशे रुपये तरी देईल, आणि जागा मोकळी होईल ती निराळीच," असा यजमानांचा युक्तिवाद. मी दरवर्षी पुढली तारीख मागून घेते आणि मेणकापड झटकून पुन्हा घालते. यंदा मात्र हा खटला वाचकांच्या दरबारात मांडावा असे मनात आले. निकाल तुम्ही द्या.

हा संगणक माझा नव्हे, माझ्या सरांचा. कॉलेजात मला भाषाशास्त्र त्यांनी शिकवले. पण त्यांचे खरे वेड होते शेतकऱ्यांच्या तोंडच्या शब्दांचे. तीस वर्षे सुट्टीत सायकल आणि एस. टी. यांवर भरवसा टाकून ते कृष्णाकाठची गावे हिंडले आणि शब्द वेचत राहिले. त्यांतही मोटेच्या शब्दांवर त्यांचा विशेष जीव. मोट ओढणारा जाड दोर तो नाडा, मोटेच्या सोंडेला बांधलेला तो सोंदूर, बैल उतरतात ती धाव, पाणी जिथे पडते ते थारोळे. विहिरींवर इंजिने आली, मागाहून विजेचे पंप आले, आणि मोट गेली. मोट गेली तसे हे शब्दही गेले. "शब्द म्हाताऱ्या माणसांबरोबर मरत नाहीत," सर म्हणत, "ज्या वस्तूवर ते चालतात, ती वस्तू मेली की मरतात." हे वाक्य पुढे माझ्याच अंगाशी येणार आहे, याची मला त्या वेळी कल्पना नव्हती.

निवृत्तीच्या सुमारास सरांनी संगणक घेतला आणि सतरा वह्यांतले बेचाळीसशे शब्द, अर्थ आणि वाक्यांतील उपयोग यांसह, एका बोटाने टंकून काढले. त्या काळच्या पद्धतीचे एक मराठी लेखनाचे सॉफ्टवेअर त्यांच्याकडे होते. त्याबरोबर अंगठ्याएवढे एक कुलूप मिळे. ते यंत्राच्या पाठीमागे खोचलेले असेल तरच कार्यक्रम उघडायचा. चोरून प्रती काढू नयेत म्हणून ही व्यवस्था.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात महापूर आला. सरांच्या घराच्या खालच्या मजल्यात पुरुषभर पाणी होते. सर, काकू आणि संगणक वरच्या मजल्यावर होते म्हणून वाचले. ट्रंकेतल्या सतरा वह्या, छापून ठेवलेले कागद आणि त्या सॉफ्टवेअरच्या चकत्या यांचा मात्र एकच लगदा झाला. सप्टेंबरात मी भेटायला गेले तेव्हा सर चटकन म्हणाले, "बाई, हे यंत्र तू घेऊन जा. आता हा एकच धागा राहिला. माझ्याने होणार नाही. पुस्तक तू कर." विद्यार्थिनीला 'बाई' म्हणण्याची त्यांची ती जुनी पद्धत. काकू पदराने डोळे पुसत दारापर्यंत आल्या. मी ते यंत्र मुलासारखे मांडीवर घेऊन रिक्षातून घरी आणले.

खंडेनवमीला मी त्याची पूजा केली, हळदीकुंकू वाहिले. दुसऱ्या दिवशी दसरा. घरात आंतरजालाची जोडणी होती, ती या यंत्रालाही दिली. संध्याकाळी पडद्यावर पाटी झळकली: नवी आवृत्ती तयार आहे, बसवू का? दसऱ्याचा मुहूर्त, सीमोल्लंघनाचा दिवस! मी मोठ्या उत्साहाने 'होय' दाबले. यंत्र तासभर गुरगुरले, दोनदा आपणच बंद होऊन चालू झाले आणि नव्या रंगरूपात हसतमुखाने उभे राहिले. मलाही सोने लुटल्याचा आनंद झाला. यात दोष कोणाचा असेल तर तो माझा. न वाचता 'होय' म्हणणाऱ्या माझ्या बोटाचा.

पुढे आठवडाभर मी त्या यंत्राकडे फिरकले नाही. सत्र परीक्षेचे पेपर होते, शिवाय २१ ऑक्टोबरला विधानसभेचे मतदान, आणि त्याच्या प्रशिक्षणाला आम्हां प्राध्यापकांची हजेरी लागलेली. मधल्या काळात माझा भाचा येऊन गेला. म्हणाला, "मावशी, जुन्या आवृत्तीचे एक गाठोडे आत पडून आहे. फार जागा अडवते. पुसून टाकू?" मी उत्तरपत्रिकांतून मान वर न काढता म्हटले, "राहू दे रे, दिवाळीत बघू." वाचकहो, माझ्या आयुष्यातील सर्वांत शहाणपणाचे वाक्य मी असे आळसापोटी उच्चारले आहे!

नवव्या दिवशी, गुरुवारी, मी सरांचा कोश उघडायला बसले. कार्यक्रम उघडेना. 'कुलूप सापडत नाही' एवढेच उत्तर. कुलूप तर जागच्या जागी खोचलेले! काढून पुन्हा घातले, फुंकर मारली, देवाचे नाव घेतले. उपयोग शून्य. मग वाटले, कोशाची फाईल निराळ्या कार्यक्रमात उघडून पाहावी. उघडली, आणि माझ्या पायांखालची जमीन सरकली. पडद्यावर मराठीचे एक अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरे, कंस, उद्गारचिन्हे, टक्क्यांच्या खुणा यांचा नुसता पाचोळा. बेचाळीसशे शब्दांचा तो पाचोळा पाहून मला पुरात भिजलेल्या वह्या आठवल्या.

आमच्या कॉलेजचा एक माजी विद्यार्थी संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो. त्याला फोन केला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, नवी आवृत्ती कोणत्या तारखेला घातली? आणि जुनी पुसली तर नाही ना?" मी तारीख सांगितली. पलीकडे क्षणभर शांतता. "मग आज रात्रीच येतो. परत फिरायची मुदत उद्या संपते."

तो येईपर्यंत आणि आल्यावर त्याने मला जे समजावले, ते मी माझ्या भाषेत सांगते. कारण हा प्रसंग तुमच्यावरही येऊ शकतो.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे वाड्याचा कारभारी. आपण वापरतो ते निरनिराळे कार्यक्रम ही वाड्यातली बिऱ्हाडे. पाणी कोणत्या नळाचे, दिवा कोणत्या बटणाचा, दाराची किल्ली कोणती, हे सर्व बिऱ्हाडकरू कारभाऱ्याला विचारून करतात. आवृत्ती बदलते तेव्हा कारभारी बदलतो. नवा कारभारी हुशार असतो, चोरांना पक्का ओळखतो. पण जुन्या बिऱ्हाडकरूंच्या सवयी त्याला ठाऊक नसतात. सरांच्या कुलपाची ओळख पटवणारा जो दुवा होता, तो नव्या कारभाऱ्याने दारातच अडवला. बिऱ्हाड शाबूत, सामान शाबूत, पण दार बंद!

हे काही माझ्या एकटीच्याच नशिबी आलेले नाही. विंडोजच्या ६४ बिटांच्या आवृत्त्यांवर फार जुने, १६ बिटांचे कार्यक्रम चालतच नाहीत. आणि २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ तर केवळ ६४ बिटांचीच आहे. आमचा हा घोळ झाला त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०१९ मध्ये, मॅकची 'कॅटालिना' ही आवृत्ती आली आणि तिने ३२ बिटांच्या साऱ्या कार्यक्रमांना एका फटक्यात रजा दिली.

आणि तो पाचोळा? त्याचे कारण आपल्या मराठीच्या इतिहासात आहे. संगणकात अक्षरे नसतात, आकडे असतात. अमुक आकडा म्हणजे अमुक अक्षर असा संकेत ठरलेला असतो. युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली आणि त्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पाट मिळाला. पण तो संकेत आपल्या घरच्या यंत्रांवर रुळायला पुढे बरीच वर्षे लागली. तोवर मराठी छापायची कशी? तेव्हा कल्पक मंडळींनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्याच आकड्यांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवली. आकडा इंग्रजीचा, मुखवटा मराठीचा. त्या युक्तीवर आपली वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक कितीतरी वर्षे निघाले. पण मुखवटा काढला की खाली राहतो तो पाचोळा. शिवाय प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा. एकाचा दुसऱ्याला बसत नाही.

मोडीतले दफ्तर पाहिलेल्यांना हे चटकन कळेल. पुण्याच्या पेशवे दफ्तरात लक्षावधी कागद सुखरूप आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत. पण मोडी वाचणारी माणसे विरळ झाली. प्रत असणे वेगळे आणि प्रत वाचता येणे वेगळे. सरांच्या फाईलच्या मी तीन प्रती काढून ठेवल्या होत्या हो! पण वाचणारा नसेल तर तीन काय आणि तीनशे काय?

इंग्लंडात याचा मोठा नमुना घडला. तिथे राजा विल्यमने १०८६ मध्ये साऱ्या मुलखाची मोजदाद करवून 'डूम्सडे बुक' हे दफ्तर सिद्ध केले. त्याला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने तसाच नवा प्रकल्प काढला. हजारो शाळांतल्या मुलांनी आपापल्या गावची माहिती आणि छायाचित्रे पाठवली, आणि ती सर्व लेसरच्या मोठ्या चकत्यांवर साठवली. पंधराएक वर्षांत त्या चकत्या वाचणारी यंत्रेच दुर्मिळ झाली. शेवटी लीड्स आणि मिशिगन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी जुन्या यंत्राचे सोंग नव्या यंत्राकडून वठवून घेतले आणि ती माहिती पुन्हा उजेडात आणली. कातड्यावर लिहिलेले मूळ दफ्तर मात्र साडेनऊशे वर्षांच्या घरात येऊनही वाचता येते!

असो. माझा विद्यार्थी रात्री आठ वाजता आला. बाहेर परतीचा पाऊस कोसळत होता. मला वाटले, तो झटपट एक बटण दाबील आणि मोकळा होईल. पण त्याने आधी मला चार प्रश्न विचारले. जुन्या आवृत्तीचा परवलीचा शब्द आठवतो का? नवी आवृत्ती घातल्यापासून यंत्रावर काही नवे लिहिले का? जुने गाठोडे जागेवर आहे का? आणि चौथा प्रश्न असा, की मी चकितच झाले: "मॅडम, शेजारी कोणाकडे इन्व्हर्टर आहे का?"

परवलीचा शब्द मी काकूंना फोन करून विचारला. तो होता 'थारोळे', इंग्रजी अक्षरांत. गाठोडे भाच्याच्या तावडीतून बचावले होते. नवे मी काहीच लिहिले नव्हते. हे विचारण्याचे कारण असे, की मागे फिरताना नव्या आवृत्तीत बसवलेले कार्यक्रम आणि बदललेल्या मांडण्या जातात. आपण लिहिलेल्या फाईली राहतात म्हणतात, पण त्या भरवशावर राहू नये. म्हणून त्याने सर्वांत आधी आपल्याजवळची एक बाहेरची डिस्क जोडून साऱ्या यंत्राची प्रत काढली. त्यातच दोन तास गेले. तोवर शेजारच्या भाऊंनी आपला इन्व्हर्टर आणून दिला. "पालट चालू असताना वीज गेली तर धड ना जुने, धड ना नवे," असे तो म्हणाला, आणि खरोखरच साडेदहाला दिवे गेले! अंधारात तो पडदा तेवढा चमकत होता. यजमान मेणबत्ती धरून उभे, मी हात जोडून उभी.

बारा वाजून गेल्यावर जुना निळा पडदा दिसला. मी कुलूप खोचले. त्याच्या पोटातला लाल दिवा लागला. कार्यक्रम उघडला, फाईल उघडली, आणि पहिल्याच पानावर सरांची मराठी, काना-मात्रा-वेलांटीसकट! मला रडू आले हे सांगायला लाज कसली?

निघताना विद्यार्थ्याने आंतरजालाची जोडणी स्वतःच्या हाताने काढली आणि बजावले, "आता हे यंत्र बाहेरच्या जगाला जोडायचे नाही. मागे आलो म्हणजे जिंकलो असे नाही. आपल्याला फक्त सवड मिळाली आहे."

त्याचे हे म्हणणे मला सर्वांत मोलाचे वाटते. माझी गोष्ट ऐकून कोणी 'नवी आवृत्ती कधी घ्यायचीच नाही' असा पण करील, तर तो फसेल. मे २०१७ मध्ये 'वॉन्नाक्राय' नावाच्या विषारी कार्यक्रमाने जगभरची यंत्रे ओलीस धरली. ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे कामकाज कोलमडले. त्यावरचा उतारा कंपनीने मार्चमध्येच दिलेला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता, त्यांच्या घरात चोर शिरला. विंडोज ७ ची सुरक्षेची राखण १४ जानेवारी २०२० ला थांबली, विंडोज १० ची साधारण राखण १४ ऑक्टोबर २०२५ ला. जुने यंत्र ठेवायचे असेल तर ते जगापासून तोडून ठेवावे; जगाशी बोलायचे असेल तर नवे घ्यावे. जुना कार्यक्रम अगदीच सोडवत नसेल तर तिसरी वाट म्हणजे नव्या यंत्राच्या पोटात जुन्या यंत्राचा देखावा उभा करणे. इंग्लंडच्या त्या चकत्यांना जीवदान मिळाले ते याच जातीच्या युक्तीने.

घरोघरी उपयोगी पडेल म्हणून चार गोष्टी सांगते. विंडोज १० किंवा ११ मध्ये मोठी आवृत्ती घातल्यावर जुनी प्रणाली 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या कप्प्यात राहते. सेटिंग्जमधील रिकव्हरी या सदरात मागे जाण्याचे बटण असते. मुदत साधारण दहा दिवसांची, त्यानंतर तो कप्पा आपोआप पुसला जातो. मुदत उलटण्यापूर्वी जाणत्या माणसाकडून ती साठ दिवसांपर्यंत वाढवून घेता येते. मॅकवर असे सोपे बटण नाही. तिथे सारे पुसून, आधी काढलेल्या प्रतीवरून जुनी प्रणाली पुन्हा मांडावी लागते. म्हणजे प्रत आधी, 'होय' नंतर. आणि सर्वांत महत्त्वाचे: आवृत्ती घातली की त्याच दिवशी आपले जुने, रोजीरोटीचे कार्यक्रम एकदा उघडून पाहावेत. मी ते नवव्या दिवशी पाहिले, अकराव्या दिवशी पाहिले असते तर?

पुढले सहा महिने मी त्या सवडीचे सोने केले. सरांचा कोश एका रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमातून युनिकोडमध्ये आणला. पहिला खर्डा पाहून हसावे की रडावे कळेना. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी साठवत. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. त्यामुळे 'विहिरी'तली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटलेली. 'दुसऱ्या'तला अर्धा र कुठे गडप, तर कुठे दुप्पट. एकेक शब्द तपासणे आले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मी व सर फोनवर रोज तासभर बसू लागलो. मी वाचायचे, त्यांनी ऐकायचे. "सोंदूर म्हण, सौंदर नव्हे. आपल्या भागात सोंदूरच," असे ते पलीकडून दटावत.

एक दिवस मी त्यांना माझ्या सीमोल्लंघनाची सारी कथा कबूल केली. तोवर धीर झाला नव्हता. ते रागावतील असे वाटले होते. पण ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बाई, मोटेचा बैल बघितलास कधी? धावेवरून उतरताना पुढे जातो, ते कोणताही बैल करतो. पण मोट रिकामी झाली की त्याला तोंड न फिरवता, पाऊल पाऊल मागे सरत वर यावे लागते. ते शिकवावे लागते. ज्याला मागे सरता येत नाही, तो बैल मोटेला चालत नाही. मागे आला म्हणूनच तर पुढची मोट भरते."

पुस्तक २०२१ मध्ये निघाले. सरांनी ते हातात घेतले, चाळले, वास घेतला आणि तेविसाव्या पानावरची एक चूक दाखवली. दुसऱ्या वर्षी सर गेले.

आता कोशाची फाईल कोणत्याही यंत्रावर उघडते, छापील प्रती ग्रंथालयांत आहेत. मग हे जुने धूड कशाला, हा यजमानांचा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एवढेच, की कोशात न घातलेली सरांची पत्रे आणि टिपणे त्यात अजून आहेत, आणि माझे काम संपलेले नाही. दर खंडेनवमीला मी ते चालू करते, लाल दिवा लागतो का पाहते, पाच-पन्नास पाने नव्या लिपीसंकेतात उतरवून घेते आणि पुन्हा मेणकापड घालते. यंदा एकशेदहा पाने राहिली. ती उतरली की भंगारवाल्याला मी स्वतः हाक मारीन.

तोवर पुढली तारीख मिळावी, एवढीच विनंती.